पाच नितळ बाटल्या

१

सोमवारी सकाळी दहा वाजता सिस्टरने फ्रिजमधून बाटली काढली, सवयीने खिडकीच्या उजेडात धरली, आणि तिचा हात तसाच वर राहिला. बाटलीतलं औषध दुधासारखं पांढरं असायला हवं होतं. ते पाण्यासारखं नितळ होतं.

"अरे देवा! पुन्हा?" उपचाराचं मशीन चालवणारा मशीनवाला म्हणाला.

खाटेवर आडवी झालेली टेलरबाई उठून बसली. तिच्या यकृतात लिंबाएवढी गाठ होती आणि या औषधाचे चार डोस घेऊन झाले होते. "काय झालं? मला सांगा ना कोणीतरी."

सांगण्यासारखं फारसं नव्हतंच. औषध खराब झालं होतं, आजचा डोस रद्द. आणि नियम असा की एका पेशंटचे दोन डोस रद्द झाले, की तो या नव्या औषधाच्या चाचणीतून बाद. बारा पेशंटांपैकी दोघे असेच बाद झाले होते. आधी पोस्टमनकाका, मग शाळेतले मास्तर. दोघांच्या दोन-दोन बाटल्या नितळ निघाल्या. "पुढच्या तुकडीत घेऊ," असं सांगून दोघांना घरी पाठवलं होतं. पोस्टमनकाका फोन उशाशी घेऊन दोन महिने त्या बोलावण्याची वाट बघत राहिले, दुसरीकडे कुठे गेले नाहीत, आणि मागच्या पंधरवड्यात वारले.

टेलरबाईचा पुढचा डोस गुरुवारी होता.

तिची थोरली बहीण याच इस्पितळात औषधभांडाराची प्रमुख. अठ्ठावन्न वर्षांची बाई, नाकाने तिखट, जिभेने त्याहून तिखट. नाव होतं त्यांना, पण तीस वर्षांत सगळे भांडारबाईच म्हणत आले. जगातली निम्मी घाण फिनेलने जाते आणि उरलेली निम्मी माणसांच्या तोंडून बाहेर पडते, हे त्यांचं ठाम मत. बातमी कळली तशा त्या जिना उतरून आल्या. तोवर इस्पितळाचे अधीक्षक तिथे पोचून निकाल देऊन मोकळेही झाले होते. बाटली काढते सिस्टर, म्हणून दोषी सिस्टर. गुरुवारपर्यंत खुलासा द्या, नाहीतर निलंबन!

"शी! चौकशी म्हणायची का हिला?" भांडारबाई म्हणाल्या. "घाईची लागल्यासारखं उरकलंत सगळं."

अधीक्षक हसले. "मग तुम्ही करा चौकशी, बाई. गुरुवारपर्यंत वेळ आहे."

बहिणीने त्यांचं मनगट धरलं. "ताई, मला यातून काढू देऊ नकोस गं. एवढं एकच औषध उरलंय माझ्यासाठी."

"कोण काढतंय बघते मी," भांडारबाई म्हणाल्या. पण मनातून त्या टरकल्या होत्या, कारण पाच बाटल्या कोणी, कशा आणि का नासवल्या याचा त्यांना काडीचाही अंदाज नव्हता.

२

फ्रिजच्या किल्ल्या चौघांकडे होत्या. सिस्टरकडे, मशीनवाल्याकडे, औषध बनवणाऱ्या संशोधकाकडे आणि मोठ्या डॉक्टरांकडे. भांडारबाईंनी वरून सुरुवात केली.

मोठे डॉक्टर म्हणजे देवमाणूस, असं सगळे म्हणत. सकाळी सातला, झाडूवाल्याच्याही आधी हजर. पेशंटच्या खांद्यावर हात ठेवल्याशिवाय बोलणार नाहीत. बाई आत गेल्या तेव्हा ते बेसिनजवळच्या एका छोट्या डब्यातून चष्मा काढून पाणी निथळवत होते. काचा इतक्या लख्ख, की चष्म्याला काच आहे की नुसती चौकट अशी शंका यावी.

"तुमच्या बहिणीपेक्षा मला जास्त वाईट वाटतंय, बाई," ते म्हणाले.

बाईंना हे वाक्यच किळसवाणं वाटलं. जिच्या यकृतात गाठ आहे तिच्यापेक्षा याला जास्त वाईट वाटतंय म्हणे!

"सिस्टर हल्ली थकलेली असते. बाटली बाहेर राहिली असेल. मुद्दाम नाही हो, चुकून. माणूस आहे."

"पाच वेळा चुकून?"

"थकवा वाईट असतो."

"बरं, हिचा मधला स्कॅन झाला ना गेल्या शुक्रवारी? काय निघालं?"

डॉक्टरांनी कपाटाकडे बोट केलं. "ते लिफाफे सीलबंद येतात. मी एकटाच उघडतो. चाचणी संपेपर्यंत पेशंटला, नातेवाइकांना, अगदी स्टाफलाही सांगायचं नाही. नाहीतर माणसं आशेने किंवा निराशेने भलतंच वागतात." एवढं बोलून ते उठले आणि त्यांनी बाईंच्या खांद्यावर हात ठेवला. "धीर धरा."

बाहेर आल्यावर बाईंनी खांदा झटकला. कोणी विचारल्याशिवाय अंगाला हात लावला की त्यांना अंघोळ करावीशी वाटे.

३

संशोधकाला सगळे 'बुडबुडे' म्हणत, कारण तो बुडबुडेच बनवायचा. पोरगा हुशार, पण त्याची प्रयोगशाळा बघून भांडारबाईंना मळमळलं. टेबलावर चहाचे चार कप, आणि त्यातल्या दोन कपांवर बुरशीची साय.

"यात औषध बनवतोस?"

"नाही हो, औषध त्या काचेच्या खोलीत. हे माझं राहण्याचं ठिकाण समजा." त्याने कप मागे लपवले. "विचारा."

"मला अडाणी समजून सांग. बाटली पांढरी का असते आणि नितळ का होते?"

"त्यात बुडबुडे असतात. इतके बारीक, की केसाच्या जाडीत शेकडो मावतील. त्यांच्या पोटात कॅन्सरचं औषध. शिरेतून टोचलं की ते बंद डब्यासारखे रक्तातून फिरतात, कोणाला त्रास देत नाहीत. मग बाहेरून गाठीवर ध्वनिलहरींचा नेम धरायचा. पोटातलं बाळ बघायला वापरतात ना, तसल्याच लहरी, जरा दणकट. बुडबुडे गाठीत पोचले की फटाफट फुटतात आणि औषध तिथेच सांडतं. पांढरा रंग त्या बुडबुड्यांचा. नितळ झालं म्हणजे बाटलीतच फुटले. ते टोचलं तर विष अंगभर."

"बाटलीत फुटतील कसे? फ्रिजबाहेर राहून?"

"गरम झालं तर फुटतात. पण प्रत्येक बाटलीवर हा ठिपका असतो, ऊब लागली की काळा पडतो. पाचही बाटल्यांचे ठिपके पांढरे आहेत. गोठलं तर तळाशी गाळ बसतो, तो नाही. जोरात हलवलं तर फेस येतो, तोही नाही."

"म्हणजे सिस्टर विसरली, बाटली बाहेर राहिली, हे सगळं थोतांड!"

"मी अधीक्षकांना सांगितलं होतं. ते म्हणाले, लेखी द्या. लेखी दिलं, तर म्हणाले, सोप्या भाषेत द्या."

"शी! मग उरलं काय?"

"आवाज. ध्वनिलहरींनीच फोडले असतील. पण तसं मशीन एकच आहे, आणि ते प्रत्येक वापर स्वतःच नोंदवून ठेवतं. मी बघितलंय, जास्तीचा वापर एकही नाही."

ध्वनीने फोडले, पण ध्वनीच्या मशीनला कोणी हात लावला नाही. आणि मंगळवारची संध्याकाळ होत आली होती.

४

बुधवारी सकाळी त्यांनी पाचही बाटल्या आपल्या टेबलावर मांडल्या आणि चष्मा नाकावर सरकवून बसल्या. तीस वर्षं त्यांनी दुसरं काय केलं होतं? डॉक्टर औषध बघतात, भांडारवाले लेबल बघतात.

लेबलं बुडबुड्याने हाताने लिहिलेली, निळ्या जेल पेनने. शाई फुटली होती. फ्रिजमधून काढलेल्या बाटलीला घाम येतो आणि शाई फुटते, हे शेंबडं पोरही सांगेल. पण घाम येतो तो सगळ्या बाटलीला. इथे खालची अक्षरं फुटली होती आणि वरची तारीख कोरडी, कडक. मधे सरळ रेघ. पाचही बाटल्यांवर तशीच.

"घामाला पट्टी लावून रेघ मारता येत नाही," बाई स्वतःशीच म्हणाल्या. "मेल्याने पाण्यात उभी केलीय."

पाणी आणि ध्वनी. दोन्ही एकत्र कुठे असतात ते त्यांना माहीत होतं, कारण ती वस्तू त्यांच्याच सहीने जाते. धुण्याचा टब. पाणी भरायचं, बटण दाबायचं, ध्वनिलहरींनी पाणी थरथरतं आणि फटीतला मळ सुटून येतो. असे तीन टब त्यांनी इस्पितळात दिले होते. एक शस्त्रक्रिया विभागात, तिथे दारावर पहारा. एक दातांच्या विभागात, तो दुसऱ्या इमारतीत. आणि तिसरा बुडबुड्याला.

गोड बोलणारा पोरगा! ध्वनीने फोडले म्हणाला, पण आपल्याकडे टब आहे हे बोलला नाही. त्या तरातरा उठल्या, आणि दारातच थबकल्या. मागच्या फळीवर, 'दुरुस्तीसाठी' अशी चिठ्ठी लावलेला, बुडबुड्याचा टब दोन महिन्यांपासून त्यांच्याच भांडारात धूळ खात पडला होता. मास्तरांच्या बाटल्या त्यानंतर नासल्या.

काखेत कळसा आणि गावाला वळसा, म्हणतात ते हेच. तीनही टब निर्दोष निघाले.

मशीनवाला डोसचा तक्ता घेऊन आला तेव्हा त्या डोकं धरून बसल्या होत्या. हा माणूस तसा भला, पण तोंडाचा पट्टा चालू झाला की थांबत नसे. "बाई, सिस्टरला वाचवा हो. रडून रडून तिचे डोळे सुजलेत. मी तर म्हणतो या इमारतीचेच ग्रह फिरलेत. मी साडेसातला येतो तर कधीकधी डॉक्टरांच्या केबिनमधून भुंग्यासारखी गुणगुण येते. मला वाटलं वायरिंग जळतंय. तर म्हणे चष्मा धुतात!"

"कशात धुतात?"

"असतो ना तो एवढासा डबा. पाणी घालायचं, बटण दाबायचं. दोन मिनिटांत चष्मा आरशासारखा. मलाही घ्यायचाय एक."

भांडारबाईंनी एका बाटलीवरच्या रेघेवर बोट ठेवलं.

"पण केबिन दिवसभर उघडीच असते," मशीनवाला पुढे बोलतच होता. "मीसुद्धा एकदा माझा चष्मा धुतला गुपचूप. सिस्टरही धुते."

झालं का! चौथा टब सापडला आणि तो चौघांचाही निघाला. वर, मोठ्या डॉक्टरांनी स्वतःचीच चाचणी का नासवावी? उद्या अधीक्षकांसमोर हे बोलल्या असत्या तर त्यांनी बाईंनाच डोक्याच्या डॉक्टरकडे पाठवलं असतं.

५

"दूध?" बुडबुडे ओरडला. "बाई, माझ्या बाटलीत दूध?"

"हळू बोल. कॅन्टीनचं आहे, त्यात अर्धं पाणीच असतं. तू आणखी घाल. अगदी औषधासारखं दिसलं पाहिजे."

"आणि ते टोचलं कोणी तर?"

"टोचायची वेळ दहाची. त्याआधी मी स्वतः काढून घेणार. खरी बाटली तुझ्या काचेच्या खोलीत कुलपात ठेव."

बुडबुड्याने मान खाजवली. "पण याने काय सिद्ध होणार?"

"तुझे बुडबुडे फुटले की पाणी होतं. दूध कितीही थरथरवलं तरी काय होतं?"

त्याने दोन्ही हात जोडले.

गुरुवारी सकाळी पावणेसातला दुधाची बाटली टेलरबाईचा नंबर लावून फ्रिजमध्ये गेली. समोरच्या तपासणीच्या खोलीत, पडद्यामागे, पाच माणसं दाटीवाटीने उभी राहिली. भांडारबाई, बुडबुडे, सुजलेल्या डोळ्यांची सिस्टर, मशीनवाला, आणि झोपमोड झाल्यामुळे फणफणणारे अधीक्षक. कोणाच्या तरी तोंडाला कांद्याचा वास येत होता आणि बाई नाक दाबून श्वास घेत होत्या. फ्रिजच्या चार किल्ल्यांपैकी तीन या खोलीत होत्या.

सात वाजून पाच मिनिटांनी कॉरिडॉरमध्ये पावलं वाजली. फ्रिजचं दार उघडलं आणि मिटलं. मग केबिनचं दार. मग गुणगुण.

दोन मिनिटं झाली. चार झाली. एरवी दोन मिनिटांत थांबणारी गुणगुण आज थांबायलाच तयार नव्हती. मधेच बंद व्हायची, क्षणभर शांतता, की पुन्हा चालू. दहाव्या मिनिटाला अधीक्षकांचा चेहरा पांढरा पडला होता.

"चला," भांडारबाई म्हणाल्या, आणि त्यांनी दार न वाजवता उघडलं.

मोठे डॉक्टर बाह्या दुमडून बेसिनपाशी उभे होते. हातात ओली बाटली, खिडकीच्या उजेडात धरलेली. बाटली पांढरीच्या पांढरी.

"दूध आहे ते, डॉक्टर," बाई म्हणाल्या. "जन्मभर थरथरवलंत तरी नितळ व्हायचं नाही."

६

डॉक्टरांनी नाकारलं नाही. बाटली खाली ठेवली, टॉवेलने हात पुसले, एकेक बोट.

"का?" सिस्टर रडत ओरडली. "मी काय वाकडं केलं होतं तुमचं?"

"तुझा प्रश्न नव्हताच गं," डॉक्टर म्हणाले. "तुझी बदली झाली असती, दुसरं काय?" मग ते अधीक्षकांकडे वळले. "औषध चांगलं आहे, साहेब. नऊ जणांच्या गाठी निम्म्या झाल्यात. पण जगाला नऊपैकी नऊ लागतात, बारापैकी नऊ म्हटलं की लोक नाकं मुरडतात. ज्याचे डोस बुडाले तो मोजायचा नाही, हा नियमच आहे. मी कोणाला मारलं नाही. उलट या नवाच्या जोरावर उद्या हजारो वाचतील."

"आणि पोस्टमनकाका?" भांडारबाईंनी विचारलं. "'पुढच्या तुकडीत घेऊ' म्हणालात त्यांना. औषध लागू पडत नाही एवढं सांगितलं असतं, तर दुसरे उपचार घेतले असते त्यांनी. फोनकडे डोळे लावून मेला तो माणूस. तुमच्या टक्केवारीला डाग नको म्हणून!"

"सांगायची मनाई—"

"थुत् तुमच्या मनाईवर! लिफाफा उघडायचा, कोणाची गाठ वाढली ते बघायचं, आणि त्याचीच बाटली धुवायची. वर आमच्याच खांद्यावर हात ठेवायचा. गटारातसुद्धा इतकी घाण नसते हो, डॉक्टर. शी! शी! शी!"

त्यांना बरं वाटत होतं. कोडं सुटलं होतं, सिस्टर सुटली होती, धाकटीची जागा शाबूत होती. आणि मग डॉक्टर त्यांच्या खांद्यावरून मागे बघू लागले.

दारात टेलरबाई उभी होती. डोस दहाचा, पण तिला घरी चैन पडेना म्हणून लवकर आलेली. हातात पाण्याची बाटली आणि घरी जाताना बदलायचा सदरा.

"ताई," ती म्हणाली, "माझी बाटली का धुतली त्याने?"

भांडारबाई तिच्याकडे वळल्या.

"आत्ता तूच म्हणालीस ना, कोणाची गाठ वाढली ते बघायचं आणि त्याचीच बाटली धुवायची. पोस्टमनकाका, मास्तर आणि मी." तिचा आवाज शांत होता, गिऱ्हाइकाला माप सांगावं तसा. "म्हणजे वाढलीय."

तीन दिवस बाई या उत्तरामागे कुत्र्यासारख्या हुंगत फिरल्या होत्या आणि त्याचा दुसरा अर्थ त्यांच्या डोक्यातच आला नव्हता. चोर पकडायचा, एवढंच दिसत होतं. स्वतःच्या हुशारीची त्यांना शिसारी आली.

"छोटे," त्या म्हणाल्या, "हो गं. वाढली असणार."

बुडबुडे टेलरबाईपुढे आला. "ताई, खरी बाटली तयार आहे. पांढरी आहे. आज देता येईल तुम्हाला. तुमचा हक्क आहे."

टेलरबाईने त्याच्याकडे बघितलं, मग मशीनवाल्याकडे. "आधी मोजा. माझ्यासमोर. पडदा माझ्याकडे वळवून."

मशीनवाल्याने अधीक्षकांकडे बघितलं. अधीक्षक जमिनीकडे बघत होते. मग तो गुपचूप तिला उपचाराच्या खोलीत घेऊन गेला. पोटावर गार जेल लावलं, दांडा फिरवला, पडदा तिच्या तोंडासमोर धरला. करड्या धुक्यात एक काळसर वर्तुळ. त्याने दोन्ही टोकांना खुणा केल्या आणि खालच्या आवाजात आकडा सांगितला. सुरुवातीचा आकडाही सांगितला.

"पाऊण इंच," टेलरबाई म्हणाली. तिने पोट पुसलं, सदरा सारखा केला, उठून बसली. "वाढली ती वाढली. मला ही बाटली नको. जे लागू पडत नाही ते अंगात घालून काय करू? पण माझं नाव खोडायचं नाही. सिस्टर, वही आणा. लिहा, डोस चार घेतले, गाठ पाऊण इंच वाढली. खाली मी सही करते. मास्तरांना आजच फोन करा आणि त्यांचंही लिहा. पोस्टमनकाकांचं लिहा."

सिस्टरने लिहिलं. टेलरबाईने ते दोनदा वाचलं आणि पूर्ण नावाने सही केली.

"आता दुसरं काय आहे माझ्यासाठी? कुठल्या मजल्यावर?"

"तिसऱ्या," सिस्टर म्हणाली. "पण तिथलं औषध जड आहे हो. केस जातात. आणि खात्री कोणी देत नाही."

"नसू दे खात्री. खरं तर सांगतील?"

भांडारबाई भिंतीला टेकून रडत होत्या, नाक पदरात, आवाज न करता. तीस वर्षांत त्यांना असं कोणी बघितलं नव्हतं.

"रडतेस काय, ताई? आठ वाजायला आलेत," धाकटी म्हणाली. "वरची रांग वाढेल. चल."